वाड्याच्या जुन्या सागवानाचं ऑफिस टेबल करावं की रेडिमेड घ्यावं?

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. मी पुण्यातल्या कंपनीचं काम इथं सोलापुरात घरूनच करते, इतके दिवस डायनिंग टेबलावर भागवलं पण आता एक खोली मोकळी झालीय तर तिथं नीट ऑफिस थाटायचंय. खोली १० बाय ९ ची, खिडकी पश्चिमेला. मला ते गुळगुळीत लॅमिनेटवालं टेबल नकोय, रस्टिक म्हणतात तसलं हवंय, जाड लाकूड, गाठी-रेषा दिसणारं, हात ठेवला की लाकूड आहे हे कळणारं. दोन पर्याय आहेत. एक म्हणजे ऑनलाईन बघितलेलं जोधपूरचं आंब्याच्या लाकडाचं, लोखंडी पायांचं, ४ फूट बाय २ फूट. दुसरा म्हणजे बार्शीकडं सासरच्या वाड्याचा एक सोपा (ओसरीसारखा भाग) उतरवलाय, तिथं सागवानी तुळया, कडीपाटाच्या (लाकडी छताच्या) फळ्या आणि जुन्या दाराची दोन कवाडं पडून आहेत, मामंजी म्हणतात हवं ते घेऊन जा. यांचं म्हणणं दाराचंच टेबल करू आणि वर काच टाकू. माझ्याकडं २४ इंची दोन मॉनिटर आहेत, लॅपटॉप, वह्या-फायली, आणि दिवसभर व्हिडिओ कॉल. ड्रॉवर तर लागतातच. कुठला पर्याय बरा आणि मांडणी कशी करावी?

साखरपेठ_वखार
ताई, घरचं सागवान पडलेलं असताना बाहेरून घेऊ नका. आमची लाकडाची वखार होती, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. जुन्या वाड्याच्या सागवानाची खरी किंमत ही की ते पूर्ण वाळलेलं असतं, नवीन ओलं लाकूड हवेवर वाळवायचं तर ढोबळमानानं एक इंच जाडीला एक वर्ष धरतात, तेवढा दम आज कुणी काढत नाही आणि मग मे महिन्यात आपल्याकडं पारा ४३ वर गेला की फळ्यांच्या सांध्यात नाणं जाईल एवढी फट पडते. आंब्याचं लाकूड वाईट नाही पण ते सागापेक्षा जास्त फुगतं-आकसतं आणि कीडही त्याला लवकर लागते, नीट वाळवून ट्रीटमेंट केलेलं असेल तर टिकतं, पण ते फोटो बघून कसं कळणार ओ?

आता कवाड की तुळई. कवाड भिंतीला शोभतं, टेबलाला नाही. त्याला चौकटी, खोलगट भाग, लोखंडी फुल्या असतात, वर काच टाकली तरी खाली धूळ साचणार आणि ती काढायला दरवेळी काच उचलायची, शिवाय काचेवर मनगट ठेवून दिवसभर टाईप करणं थंडीत नको वाटतं. तुळई फाडून दीड इंची फळ्या काढा. ५ फूट बाय अडीच फूट बाय दीड इंच म्हणजे दीड घनफुटाच्या थोडं वर लाकूड, फाडताना-रंधताना जाणारी घट धरून अडीच-पावणेतीन घनफूट मोजून आणा. नुसता टॉपच साधारण ३० किलो भरेल, म्हणजे एकदा ठेवला की हलायचं नाव नाही.

फाडायला नेण्याआधी एक एक खिळा शोधून काढा, मोडून आत राहिलेला खिळा बाहेरून दिसत नाही, भिंतीतला लोखंडी पाईप शोधायचं छोटं मेटल डिटेक्टर मिळतं ते फिरवा. पातं तुटलं तर मशीनवाल्याचं नुकसान आणि माणसाला इजा होऊ शकते. आणि लाकूड घरात आणायच्या आधी ठोकून बघा, बारीक भोकं असून खालून पीठ सांडत असेल तर आत कीड जिवंत आहे, तो तुकडा बाजूला काढा.

उन्हाचा_कडाका
वखारवाल्यांशी शंभर टक्के सहमत. फक्त कवाडाला किंवा फळ्यांना जुना ऑईल पेंट असेल तर तो कोरडा घासू नका, जुन्या रंगात शिसं असायची शक्यता भरपूर असते. आपल्याकडं घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाखात ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, वाड्याचा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. पाणी मारून ओला घासायचा, चांगला मास्क लावायचा, आणि घरात लहान लेकरं असतील तर हे काम घरात करायचंच नाही.

मी मांडणीबद्दल लिहिते. पश्चिमेची खिडकी म्हणजे सोलापुरात दुपारी ३ नंतर भट्टी. खिडकीकडं तोंड करून बसलात तर डोळे दिपणार, पाठ करून बसलात तर कॉलवर तुमचा चेहरा काळा आणि मॉनिटरवर उजेडाची पट्टी. उत्तरेच्या भिंतीला टेबल लावा, खिडकी डाव्या हाताला येईल, उजव्या हातानं लिहिणाऱ्याला सावली पडत नाही. खिडकीपासून दोन फूट अंतर ठेवा आणि जाड पडदा लावा, नाहीतर टॉपचं एकच टोक उन्हानं फिकं पडून वाळत जातं. आणि कूलर! कूलरचा झोत थेट टेबलावर नको, दिवसभर दमट वारा आणि रात्री कोरडी हवा हे एकाच बाजूला रोज झालं की फळी वाकडी होते.

४ बाय २ चं टेबल तुम्हाला पुरणारच नाही. २४ इंची मॉनिटर साधारण २१ इंच रुंद असतो, दोन म्हणजे ४२, उरले ६ इंच, वही कुठं ठेवणार? टेबल पुढून मागं अडीच फूट असलं की स्क्रीन हातभर लांब जाते.

मंगळवेढा_टू_एमआयडीसी
वेगळं मत मांडतो. सगळं खरं आहे पण वाड्यातून लाकूड आणणं, फाडणं, सुतार मिळणं, तो वेळेवर येणं यात पावसाळा निघून जातो. ज्याला पुढच्या आठवड्यात बसायचंय त्यानं रेडिमेड घ्यावं, फक्त वर्णनात सॉलिड वुड लिहिलंय का बघावं, कडेच्या कापावर लाकडाच्या रेषा वरून खाली सलग उतरलेल्या दिसल्या पाहिजेत, कडेला पट्टी चिकटवलेली असेल तर आत पार्टिकल बोर्ड (भुसा दाबून केलेली फळी) असतो.

जुळेसोलापूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार! घाई नाहीये, डायनिंग टेबल आहेच. तुळईचंच करायचं ठरवलं, यांनाही पटलं, कवाडं हॉलमध्ये भिंतीला लावू. आता दोन शंका. रस्टिक ठेवायचं म्हणजे वरून किती घासायचं? आणि पाय लाकडी की लोखंडी? ड्रॉवर टॉपच्या खालीच करून घेऊ का?

साखरपेठ_वखार
वरचा भाग पूर्ण गुळगुळीत करा, त्यात तडजोड नको. खडबडीतपणा कडांना ठेवा, खिळ्यांची काळी भोकं तशीच राहू द्या, जिथं मनगट आणि माऊस फिरतो तिथं मात्र रंधा मारून १८० नंबरच्या पॉलिश पेपरपर्यंत घासा. मोठ्या चिरा असतील त्यात त्याच लाकडाचा भुसा आणि इपॉक्सी (घट्ट होणारा चिकट रस) भरा. लाखेचं पॉलिश दिसायला लई भारी पण गरम चहाचा कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, तुम्ही दिवसभर तिथंच बसणार म्हणून मॅट पीयू (पॉलीयुरेथेनचं बिनचकाकीचं पॉलिश) मारा, किंवा जवसाचं बॉईल्ड तेल. तेल लावलं तर एक लक्षात ठेवा, तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात, आपल्या उन्हात तर जास्तच धोका. दोरीवर मोकळ्या पसरून वाळवायच्या.

पाय लोखंडी बरे, ५० बाय ५० मिलिमीटरचा एमएस (साध्या पोलादाचा) चौकोनी पाईप फॅब्रिकेशनवाला वेल्डिंग करून देतो. टॉप बसवताना मात्र फ्रेमला गोल भोक पाडू देऊ नका, टॉपच्या रुंदीच्या दिशेनं लांबट खाच पाडायला सांगा, म्हणजे पावसाळ्यात लाकूड फुगलं की स्क्रू सरकतो आणि टॉप चिरत नाही.

उन्हाचा_कडाका
ड्रॉवर टॉपखाली नको ताई. ३० इंच उंचीतून दीड इंच टॉप आणि ४ इंच ड्रॉवर गेला की खाली साडेचोवीस उरतात, गुडघे आपटतात. दोन खणांचं वेगळं चाकाचं कपाट उजवीकडं घाला, उरलेल्या लाकडात होईल, कड्या जुन्या पितळी लावा. ३० इंच पण डोळे झाकून धरू नका, खुर्चीवर ताठ बसून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि टॉपची वरची बाजू तिथं आणा.

वायरी आधीच ठरवा, कारण जाड लाकडाला नंतर भोक पाडणं जिवावर येतं. मागच्या कडेला मधोमध ६० मिलिमीटरचं एकच भोक, खाली पत्र्याचा केबल ट्रे, एक्स्टेंशन त्यातच, लाईट गेली तर राऊटर चालू राहावा म्हणून छोटा यूपीएसही तिथंच. वरती मॉनिटर, एक वही आणि दिवा एवढंच ठेवा, फायली कपाटात. गाठी-रेषांचं लाकूड मुळातच भरगच्च दिसतं, त्यावर पेनस्टँड, झाडं, फोटो मांडले की सगळं गिचमिड होतं. मॉनिटर आर्म (मॉनिटर अधांतरी धरणारा दांडा) घेणार असाल तर टेबलाच्या कडेला आवळायचा त्याचा क्लॅम्प किती जाडी धरतो ते बघा, आणि क्लॅम्प येतो तेवढी खालची बाजूही सपाट करून घ्या.

जुळेसोलापूरकर
कोपराचं माप आत्ताच घेतलं, २७ इंच आलं, म्हणजे ३० चं केलं असतं तर खांदे वर करून बसावं लागलं असतं. रविवारी गावी चाललोय, तुळया ठोकून बघते आणि फोटो टाकते. फॅब्रिकेशनवाल्याला पाय साडेपंचवीसचे सांगायचे ना मग, दीड इंच टॉप धरून?

साखरपेठ_वखार
पंचवीस सांगा, खाली अर्ध्या इंचाचे ॲडजस्ट होणारे बुश (पायाखालचे फिरवून वर-खाली होणारे टेकू) लावून घ्या. फरशी कुठंच सपाट नसते.