'वंश' हा शब्द जनुकशास्त्रात हवाच कशाला?

भूमिज
इरावती कर्वे बर्लिनला जर्मन मानववंशशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएचडी करत होत्या. गोऱ्यांच्या कवटीची डावी-उजवी बाजू असमान असते आणि त्यातच त्यांचं श्रेष्ठत्व आहे, हे फिशरना सिद्ध करून हवं होतं. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशाचा नि कवटीच्या या असमानतेचा संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. पुढे १९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी हिशेब मांडला: माणसामाणसांतल्या जनुकीय फरकातला सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहात सापडतो, 'वंशां'मधला जेमतेम ६ टक्के. विषय तिथेच संपायला हवा होता.

संख्यारेषा
संपला नाही, कारण हिशेब बरोबर असला तरी निष्कर्ष तोकडा आहे. संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये तेच दाखवलं. एकेक जनुक सुटं पाहून माणूस कुठला ते कळत नाही, शेकडो एकत्र पाहिली की कळतं. २००२ च्या जनुकशास्त्रज्ञ रोझेनबर्ग यांच्या अभ्यासात ५२ समूहांतली १,०५६ माणसं होती. कोण कुठलं हे संगणकाला सांगितलं नव्हतं, तरी पाच गट जवळपास खंडांप्रमाणेच पडले. फिशर चुकले म्हणून हे खोटं ठरत नाही.

भूमिज
किती गट पाडायचे ते संगणकाला आधी सांगावं लागतं; पाच मागितले म्हणून पाच पडले! सहा मागितल्यावर सहावा गट पाकिस्तानातल्या कलाश लोकांचा निघाला. काही हजारांची ती जमात. तिला वंश म्हणायचं?

तापीकाठ
मी नंदुरबारकडे सिकलसेलच्या, म्हणजे रक्तपेशींच्या एका आनुवंशिक आजाराच्या, चाचण्या करते. अमेरिकेत हा काळ्यांचा आजार समजला जातो. माझ्यासमोर येतात ती भिल्ल आणि पावरा मुलं. ग्रीसमध्ये आहे, अरबस्तानात आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया, तिथे तो टिकला. मुलाचा वंश विचारून मला काय कळणार? गाव विचारलं तर कळतं.

संख्यारेषा
ताई, गाव विचारणं म्हणजे पूर्वज विचारणंच झालं. आणि गट पुसून टाकले तर नुकसान आपल्याच पेशंटचं. युरोपात बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ झाला की वजन जास्त धरतात, आपल्याकडे २३ लाच. ते सोडायचं?

तापीकाठ
सोडू नका. पण तो २३ चा आकडा कुणाची जनुकं तपासून आलेला नाही, आपल्या लोकांना किती वजनाला मधुमेह गाठतो ते पाहून आलाय. अमेरिकेत मूत्रपिंडाच्या चाचणीत मात्र नुसतं 'कृष्णवर्णीय' लिहिलं की मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेचा आकडा वाढवून धरायचे. मूत्रपिंड आहे त्यापेक्षा बरं दिसायचं आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागायचं. ते सूत्र २०२१ मध्ये बदललं.