परिषदेला वक्ता बोलवायचाय: ईमेलमध्ये काय लिहावं, मंचावर काय तपासावं?

नवसंयोजक:
आमची एक दिवसाची तंत्रज्ञान परिषद तीन महिन्यांवर आली आहे. श्रोते साधारण २००. एका ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) प्रकल्पाचं काम बघणाऱ्या बाईंना बाहेरगावहून बोलवायचं आहे. त्या लाइव्ह डेमो दाखवतात, म्हणजे मंचावरच सॉफ्टवेअर चालवून दाखवतात. पहिल्या ईमेलमध्ये मानधनाचं बोलावं का? आणि मंचावर आमची काय तयारी हवी?

कीबोर्डकर:
मानधनाचं पहिल्याच ईमेलमध्ये लिहा. देणार नसाल तर तेही स्पष्ट लिहा. विनामानधन बोलायला पुष्कळ जण तयार असतात, पण चौथ्या ईमेलला ते कळलं की मन खट्टू होतं.

ईमेल दहा-बारा ओळींचा पुरे. तारीख, ठिकाण, श्रोते कोण (विद्यार्थी की रोज कोड लिहिणारे), सत्र किती मिनिटांचं, प्रश्नोत्तरं त्यातच की वेगळी, प्रवास आणि राहण्याची सोय कोण करणार, रेकॉर्डिंग होणार का, आणि उत्तर कधीपर्यंत हवं. त्यांनाच का बोलावताय, हे त्यांच्या नेमक्या कामाचा उल्लेख करून एका वाक्यात सांगा. ‘आवडेल त्या विषयावर बोला’ असं मात्र लिहू नका. त्याने विषय शोधायचं ओझं त्यांच्यावरच पडतं. दोन विषय सुचवा आणि बदलायची मुभा ठेवा.

तिकिटं तुम्हीच काढा. आधी खर्च करा, मग बिलं पाठवा, यात वक्त्याचे पैसे अडकून बसतात. परदेशातून येणार असतील तर व्हिसासाठीचं निमंत्रणपत्र होकार आला की लगेच द्या.

तारजोड:
मंचाचं सांगतो. लाइव्ह डेमो म्हणजे वक्त्याचाच लॅपटॉप, हे गृहीत धरा. एचडीएमआय केबल आणि यूएसबी-सीचे दोन अडॅप्टर मंचावरच ठेवा. एक ऐन वेळी सापडत नाही. लॅपटॉपपासून प्रोजेक्टर लांब असेल तर साधी केबल दहा-पंधरा मीटरनंतर दगा देते, चित्र लुकलुकतं. तिथे इथरनेट केबलवरून सिग्नल नेणारा एक्स्टेंडर लागतो. रेझोल्यूशन १९२०×१०८० वर ठेवायला सांगा. त्याहून मोठं, ४के रेझोल्यूशन पाठवलं तर कित्येक रेकॉर्डिंग यंत्रं ते घेतच नाहीत.

डेमोसाठी वाय-फायवर विसंबू नका. २०० फोन त्याच हवेत असतात. वक्त्यासाठी स्वतंत्र वायर्ड कनेक्शन द्या, आणि डेमोचा रेकॉर्ड केलेला व्हिडिओ लॅपटॉपवर ठेवायला आधीच सांगा. टर्मिनलचा (कमांड टाइप करायच्या खिडकीचा) फॉन्ट २४ पॉइंटच्या खाली नको, तरी शेवटच्या रांगेत बसून एकदा वाचून बघाच. खोलीत उजेड असेल तर गडद पार्श्वभूमीवरची अक्षरं पुसट होतात.

आता माइक. कॉलरला लावायचा माइक छातीच्या वरच्या भागात, हनुवटीपासून वीतभर खाली लावा आणि गळ्यातलं ओळखपत्र काढायला सांगा. ते हलताना माइकवर आपटतं आणि पूर्ण रेकॉर्डिंगभर टकटक ऐकू येते. ओढणी, लांब केस, माळ यांचंही तेच. वक्ता मान फिरवून पडद्याकडे बघत बोलत असेल तर हेडसेट माइक बरा, कारण तो तोंडाबरोबर फिरतो. माइकच्या ट्रान्समीटरला (आवाज बिनतारी पाठवणाऱ्या डबीला) नवे सेल घाला.

नवसंयोजक:
धन्यवाद, बरंच सुटलं. ही तपासणी कधी करायची? आणि ऐन वेळी त्या येऊ शकल्या नाहीत तर?

कीबोर्डकर:
तपासणी सत्राच्या आधीच्या सुट्टीत, १५ मिनिटं. स्लाइड, आवाज, क्लिकर आणि डेमोची पहिली कमांड, इतकं चालवून बघा. लॅपटॉप चार्जरला जोडा, नोटिफिकेशन बंद करा आणि स्क्रीन आपोआप बंद होणं थांबवा.

बदली वक्ता आधीच ठरवा. शक्यतो स्थानिक, तयार भाषण असलेला, आणि त्याला ‘राखीव’ म्हणून बोलावलंय हे त्याला माहीत असू द्या. वेळ दाखवायला पहिल्या रांगेत एक जण १०, ५ आणि १ मिनिटाचे फलक घेऊन बसवा. ‘१’चा फलक उचलल्यावर सूत्रसंचालकाने उभं राहावं. नाहीतर कापली जातात ती पुढच्या वक्त्याची मिनिटं.

तारजोड:
एक राहिलं. रेकॉर्डिंगची परवानगी भाषणाआधी लेखी घ्या, आणि डेमोत पासवर्ड किंवा एपीआय की (सेवा वापरण्यासाठीचा गुप्त कोड) पडद्यावर आली असेल तर? म्हणून व्हिडिओ टाकण्याआधी त्यांना बघायला पाठवा, आठवडाभराची मुदत द्या.