मदत हवी आहे: विंडोज, मॅक आणि लिनक्स एकत्र असलेल्या कार्यालयासाठी सामायिक फाइल सर्व्हर

नमस्कार. आमच्या कार्यालयात पाच विंडोज 11, दोन मॅक आणि दोन उबुंटू असे नऊ संगणक एकाच गिगाबिट स्विचला जोडलेले आहेत. फाइली ज्याच्या त्याच्या संगणकावर असतात आणि पेनड्राइव्हने किंवा ईमेलने फिरतात, त्यामुळे एकाच करारनाम्याच्या निरनिराळ्या प्रती निरनिराळ्या लोकांकडे सापडणे नित्याचे झाले आहे. हा सगळा साठा, सुमारे 600 जीबी, एका ठिकाणी आणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मी हिशेब विभागात आहे, नेटवर्कचा जाणकार नाही. मात्र लिनक्सच्या टर्मिनलवर काम करण्याची सवय आहे.

एखाद्या विंडोज संगणकावरचे फोल्डरच शेअर करावे, असे एका सहकाऱ्याने सुचवले होते. विंडोज 11 एका वेळी 20 उपकरणांना जोडू देते, म्हणजे संख्येची अडचण नव्हती. पण तो संगणक कोणाच्या तरी रोजच्या वापरातला असणार आणि ती व्यक्ती तो बंद करून घरी गेली की इतरांचे काम अडणार. दुसरा पर्याय एनएफएसचा (लिनक्समधली नेटवर्कवरून फाइली वापरू देणारी पद्धत) होता, पण त्याच्या साध्या मांडणीत समोरचा संगणक सांगेल तो वापरकर्ता क्रमांक सर्व्हर खरा मानतो, हे हिशेबाच्या कागदांसाठी मला पटले नाही. म्हणून रिकाम्या पडलेल्या एका डेस्कटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि सांबा (लिनक्सवरचे फोल्डर विंडोज, मॅक वगैरेंना शेअर करणारा प्रोग्राम), आणि त्यात 4 टीबीच्या दोन डिस्क रेड 1 पद्धतीने, म्हणजे दोन्हींवर तीच माहिती राहील अशा, जोडलेल्या, असे ठरवून तेवढे उभे केले आहे. तिन्ही प्रकारच्या संगणकांवरून सर्व्हर दिसतो.

खरी अडचण स्कॅनरची आहे. आमचा जुना बहुकार्यी प्रिंटर स्कॅन केलेला कागद थेट सामायिक फोल्डरात टाकू शकतो, पण त्याला एसएमबीची (सांबा आणि विंडोज फाइली शेअर करायला वापरतात ती पद्धत) केवळ पहिली आवृत्ती समजते. सांबाने 2019 मध्ये, 4.11 पासून, ही आवृत्ती मुळातच बंद ठेवली आहे. ती चालू करावी असे दुरुस्ती करणाऱ्याचे म्हणणे आहे. मात्र 2017 च्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने विंडोजमधल्या याच पहिल्या आवृत्तीतल्या त्रुटीचा फायदा घेतला होता, हे आठवून माझा हात आखडतो. ती फक्त स्कॅनच्या फोल्डरापुरती चालू करता येते का?

दुसरा प्रश्न लहान आहे. एकाने तयार केलेली फाइल त्याच गटातल्या दुसऱ्याला उघडता येते, पण त्यात बदल करून साठवता येत नाही. हे कशामुळे होत असावे?

प्रतिसाद 1
सांबात एसएमबीची किमान आवृत्ती ठरवणारी ओळ संपूर्ण सर्व्हरला लागू होते, एका फोल्डराला नाही. त्यामुळे एका स्कॅनरसाठी सगळ्यांचे दार उघडे टाकू नका. अशा बहुतेक यंत्रांत एफटीपीचीही (फाइली पाठवण्याची एक जुनी पद्धत) सोय असते, ती पाहा. सर्व्हरवर व्हीएसएफटीपीडी हा एफटीपी सर्व्हरचा प्रोग्राम बसवून स्कॅनरसाठी वेगळे खाते काढा आणि ते एकाच फोल्डरात कोंडा. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, म्हणून तो इतरत्र कुठेही वापरलेला नसावा. खाते ज्या फोल्डरात कोंडाल तेथे त्याला लिहिण्याची मुभा असेल तर हा प्रोग्राम जोडणीच नाकारतो; तेव्हा लिहिण्याचे फोल्डर त्याच्या आत एक पायरी खाली ठेवावे.

गटाची अडचण सांबाच्या मूळ मांडणीमुळे येते. क्रिएट मास्क (नव्या फाइलीवर कोणाला कोणते अधिकार मिळू शकतात ते ठरवणारी ओळ) 0744 असतो, त्यात गटाला फक्त वाचण्याचा अधिकार मिळतो. तो 0660 आणि डिरेक्टरी मास्क (फोल्डरांसाठीची तशीच ओळ) 2770 करा, शिवाय त्या शेअरला (सामायिक फोल्डराला) फोर्स ग्रुप, म्हणजे नव्या फाइली ठरावीक गटाच्या करणारी ओळ, लावा.

प्रतिसाद 2
मॅकसाठी कॅटिया, फ्रूट आणि स्ट्रीम्स एक्सअॅटर ही सांबाची मॅकशी जुळवून घेणारी मॉड्यूल (जोड-प्रोग्राम) याच क्रमाने आणि सर्व शेअरांना लागू होणाऱ्या ग्लोबल विभागातच लिहावीत. मॅक पहिल्या जोडणीतच सर्व्हरच्या सोयी ठरवून घेतो; तो पहिला शेअर फ्रूटविना असेल तर पुढच्या शेअरांनाही त्या सोयी मिळत नाहीत. तसेच फाइलींच्या नावांत प्रश्नचिन्ह किंवा अपूर्णविराम नको, असा नियम सर्वांना सांगून ठेवा. लिनक्सला ही दोन्ही चिन्हे आणि मॅकला प्रश्नचिन्ह चालते, विंडोजला मात्र दोन्ही चालत नाहीत.

रेड 1 ला बॅकअप समजू नये, एवढे आवर्जून सांगतो. चुकून पुसलेली किंवा खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केलेली फाइल दोन्ही डिस्कवर त्याच क्षणी तशीच होते. प्रती घेऊन झाल्यावर काढून ठेवता येईल अशी बाहेरची डिस्क हवीच.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचे आभार. स्कॅनरच्या मेनूत एफटीपी सापडले आणि कागद सर्व्हरवर पोहोचू लागले, गटाची अडचणही मिटली. मात्र स्कॅनच्या फाइली सर्वांना दिसतात आणि उघडायला गेले की परवानगी नाकारली जाते. सांबाचे मास्क तर बदललेले आहेत.

प्रतिसाद 1
त्या फाइली सांबामार्फत आलेल्याच नाहीत, म्हणून त्याचे मास्क त्यांना लागू होत नाहीत. व्हीएसएफटीपीडीचा लोकल उमास्क (नव्या फाइलीवर कोणते अधिकार द्यायचे नाहीत ते सांगणारा आकडा) मुळात 077 असतो, म्हणजे मालकाखेरीज कोणालाही काही नाही. तो 007 करा आणि आतल्या फोल्डराचा गट कार्यालयाचा ठेवून त्यावर सेटजीआयडी ही परवानगीची खूण लावा, म्हणजे नवी फाइल त्याच गटाची होईल. आधी आलेल्या फाइलींचा गट आणि परवानग्या मात्र एकदा हाताने बदलाव्या लागतील.