"आठवणी" नावाचे पुस्तक यादीत नसताना ते "आधीच आहे" असा एरर का येतो?

प्रश्न: बीसीए दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, बडोदे

नमस्कार. दांडिया बाजाराजवळच्या एका छोट्या मराठी वाचनालयाची पुस्तकयादी संगणकावर नीट लावून देण्याचे काम मी महाविद्यालयातील प्रकल्पासाठी घेतले आहे. पीएचपी आणि डेटाबेस या दोन्ही गोष्टी मी अलीकडेच शिकू लागले आहे. वाचनालयाकडे पूर्वी कोणीतरी करून दिलेला एक प्रोग्राम होता आणि त्यात बरीच पुस्तके भरलेली होती. तो प्रोग्राम मी माझ्या लॅपटॉपवर झॅम्पमध्ये (पीएचपी आणि डेटाबेस आपल्याच संगणकावर चालवणारे सॉफ्टवेअर) चालवला, तेव्हा वेब पानावर पुस्तकांची नावे स्वच्छ मराठीत दिसत होती. पण तोच तक्ता पीएचपीमायॲडमिनमध्ये (डेटाबेसमधले तक्ते थेट पाहण्याचे साधन) उघडला, की मराठीच्या जागी मात्रा-टिंबे लावलेली रोमन अक्षरे आणि चलनासारखी चिन्हे दिसत.

डेटाबेसशी जोडणी करणाऱ्या फाइलमध्ये "सेट नेम्स लॅटिन१" अशी ओळ होती; लॅटिन१ म्हणजे रोमन अक्षरांपुरती संकेतपद्धती. ती काढून यूटीएफएट-एमबी४ (सर्व लिप्या सामावणाऱ्या यूटीएफएट पद्धतीचे डेटाबेसमधले नाव) लिहावे, असे वर्गातील एका मुलाने सुचवले, म्हणून मी तसे केले. आता जुनी नावे वेब पानावरही विस्कटलेली दिसतात. नवीन पुस्तक म्हणून "बडोदे" असे लिहून पाहिले, तर तक्त्यात फक्त पाच प्रश्नचिन्हे साठवली गेली, आणि त्यानंतर "आठवणी" लिहिले, तर १०६२ क्रमांकाचा "डुप्लिकेट एन्ट्री" एरर आला. या नावाचे पुस्तक यादीत नाही, हे मी नोंदवही पाहून तपासले आहे.

तक्त्याची रचना अशी आहे: पुस्तकाचे नाव व्हारचार २५५ (जास्तीत जास्त २५५ अक्षरांचा मजकूर) असून त्यावर युनिक इंडेक्स आहे, म्हणजे तेच नाव दोनदा भरता येत नाही, लेखक व्हारचार ५० आहे, इंजिन (तक्ता साठवण्याची यंत्रणा) मायआयसॅम आहे आणि शेवटी डिफॉल्ट कॅरसेट (अक्षरसंच) लॅटिन१ असे लिहिलेले आहे. आणखी एक गोष्ट म्हणजे काही लेखकांची आडनावे आधीपासूनच अर्धवट तुटलेली आहेत आणि त्यांच्या शेवटी काळ्या चौकटीतले एक प्रश्नचिन्ह दिसते. त्याचा याच्याशी संबंध आहे का, हे मला ठरवता येत नाही.

उत्तर १

लॅटिन१ हेच मूळ कारण आहे. "ऑल्टर टेबल" देऊन पुढे "कन्व्हर्ट टू कॅरॅक्टर सेट यूटीएफएट-एमबी४" लिहा. एका ओळीत सगळा तक्ता बदलेल.

उत्तर २: सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करणारा, अलकापुरी

ताई, वरची ओळ कृपया आत्ता चालवू नका. निदान बरोबर आहे, पण तुमच्या तक्त्यावर तो उपाय केल्यास आज वाचवता येण्यासारखी जुनी नावे आणखी गुंतागुंतीची होतील. सर्वांत आधी तक्त्याची एक प्रत करून ठेवा: "क्रिएट टेबल ... लाइक" देऊन तशीच रचना तयार करा आणि "इन्सर्ट ... सिलेक्ट" देऊन सर्व नोंदी तिच्यात उतरवा. पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा.

आता जे घडले ते पाहू. यूटीएफएट पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइटांत साठवला जातो. घटक म्हणजे डोळ्यांना दिसणारे अक्षर नव्हे; काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सारे संगणकाच्या दृष्टीने स्वतंत्र घटक असतात. "बडोदे" हा शब्द आपण तीन अक्षरांचा म्हणतो, पण त्यात ब, ड, ओकाराची मात्रा, द आणि एकाराची मात्रा असे पाच घटक आहेत, म्हणून त्याचे १५ बाइट होतात. जुना प्रोग्राम वेब पानाकडून आलेले हे १५ बाइट "ही लॅटिन१ मधली १५ अक्षरे आहेत" असे सांगून डेटाबेसकडे देत असे. स्तंभही लॅटिन१ असल्यामुळे डेटाबेस ते जसेच्या तसे ठेवत असे आणि मागितल्यावर जसेच्या तसे परत देत असे, आणि ब्राउझर त्यांना यूटीएफएट समजून मराठी दाखवत असे. दोन्ही टोकांना सारखाच गैरसमज होता, त्यामुळे पानावर काही चुकलेले दिसत नव्हते. पीएचपीमायॲडमिन मात्र खरी यूटीएफएट जोडणी वापरतो, म्हणून तिथे त्या प्रत्येक बाइटाचे एकेक रोमन अक्षर होऊन समोर येत होते.

तुम्ही जोडणी बदललीत, तेव्हा डेटाबेसला प्रथमच कळले की येणारा मजकूर देवनागरी आहे. स्तंभ मात्र लॅटिन१ राहिला आणि लॅटिन१ मध्ये देवनागरीला जागाच नाही. त्यामुळे जो घटक बसत नाही, त्याच्या जागी डेटाबेसने एकेक प्रश्नचिन्ह ठेवले. "बडोदे"चे पाच घटक, म्हणून पाच प्रश्नचिन्हे. "आठवणी"मध्येही आ, ठ, व, ण आणि दीर्घ वेलांटी असे पाचच घटक आहेत, म्हणून त्याचीही पाच प्रश्नचिन्हे झाली, आणि नावाच्या स्तंभावर युनिक असल्याने डेटाबेसने खरेच सांगितले की ही नोंद आधीपासून आहे. एररच्या मजकुरात अवतरणचिन्हांमध्ये काय छापले आहे ते पुन्हा वाचा. तिथे "आठवणी" नसून ती पाच प्रश्नचिन्हेच असतील. एरर आला की त्यातला क्रमांक शोधून उपाय करण्यापूर्वी त्यातली किंमत जशी छापली आहे तशी वाचणे, ही सवय या कामात फार उपयोगी पडते.

अक्षरे गेली तेव्हाच एरर का आला नाही, असे तुम्हाला वाटेल. स्ट्रिक्ट मोड, म्हणजे चुकीची किंमत न स्वीकारण्याची डेटाबेसची सेटिंग, चालू असता तर "बडोदे" भरतानाच १३६६ क्रमांकाचा "इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू" हा एरर येऊन काम थांबले असते. तो बंद असला की डेटाबेस फक्त इशारा नोंदवतो, आणि "शो वॉर्निंग्ज" विचारल्याशिवाय तो इशारा दिसत नाही. शिकणाऱ्याने तरी स्ट्रिक्ट मोड चालूच ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

तुमच्याकडे आता दोन प्रकारची बिघडलेली नावे आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. कोणती नोंद कोणत्या प्रकारची, हे पडद्यावर पाहून ठरवू नका. नावाच्या स्तंभावर हेक्स फंक्शन (प्रत्येक बाइट दोन अंक-अक्षरांत दाखवणारे) लावून बाइट पाहा. जिथे "ई०ए४" किंवा "ई०ए५" असे तुकडे पुन्हा पुन्हा दिसतील, तिथे मराठी सुरक्षित आहे. जिथे नुसते "३एफ" "३एफ", म्हणजे प्रश्नचिन्हाचे बाइट, असेल, तिथे मराठी उरलेली नाही. ती नावे पुन्हा टंकावी लागतील.

सुरक्षित नोंदींसाठी स्तंभ आधी व्हारबायनरी (अक्षरे न मानता नुसते बाइट ठेवणारा प्रकार) करावा आणि नंतर व्हारबायनरीवरून व्हारचार, कॅरसेट यूटीएफएट-एमबी४ असा करावा. मधल्या पायरीमुळे डेटाबेस बाइटांना हात लावत नाही, फक्त त्यांच्यावरची पाटी बदलतो. थेट "कन्व्हर्ट टू" दिल्यास तो प्रत्येक बाइटाला खरोखरच लॅटिन१ अक्षर समजून त्याचे भाषांतर करील, आणि "म"चे ई०ए४एई हे तीन बाइट सी३ए०सी२ए४सी२एई असे सहा होऊन बसतील.

लेखकांच्या तुटलेल्या आडनावांचा याच्याशी थेट संबंध आहे. लॅटिन१ मधला व्हारचार ५० म्हणजे ५० बाइट. नाव आणि आडनाव यांमधल्या रिकाम्या जागेचा एक बाइट गेला की ४९ उरतात, त्यांत तीन-तीन बाइटांचे १६ घटक बसतात आणि सतराव्याचा पहिलाच बाइट आत शिरतो. काळ्या चौकटीतले चिन्ह म्हणजे तो अर्धवट घटक. असे तुटके बाइट असतील तर दुसऱ्या पायरीला रूपांतर अडेल, किंवा स्ट्रिक्ट मोड नसल्यास मुकाट्याने काटछाट होईल. म्हणून लेंग्थ फंक्शनने ज्या लेखकांची लांबी बरोबर ५० येते, त्या नोंदी आधीच वेगळ्या काढा. यूटीएफएट-एमबी४ झाल्यावर व्हारचार ५० म्हणजे ५० घटक होतात. तरी संपूर्ण तीनपदरी नावांसाठी १०० ठेवलेले बरे.

प्रश्नात तुम्ही तक्त्याची रचना दिलीत, म्हणूनच हे सारे अंदाज न बांधता सांगता आले.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. हेक्स लावून पाहिले. जुन्या नोंदींत सर्वत्र "ई०ए४" आणि "ई०ए५" आहेत, आणि प्रश्नचिन्हे फक्त मी चाचणीसाठी भरलेल्या नोंदींतच आहेत. प्रतीवर व्हारबायनरीची पायरी नीट झाली, पण नावाच्या स्तंभाची दुसरी पायरी देताना १०७१ क्रमांकाचा एरर आला: "की" (म्हणजे इंडेक्स) फार लांब आहे, कमाल लांबी १००० बाइट.

उत्तर २

एररमधल्या १००० या आकड्यातच उत्तर आहे. यूटीएफएट-एमबी४ मध्ये एका घटकासाठी जास्तीत जास्त चार बाइट धरले जातात. देवनागरीला तीनच लागतात, पण डेटाबेस हिशेब कमाल मर्यादेने करतो. २५५ गुणिले ४ म्हणजे १०२०, आणि मायआयसॅम इंजिनात इंडेक्सची मर्यादा १००० बाइटांची आहे. युनिक इंडेक्स काढून टाका, दोन्ही स्तंभांचे रूपांतर पूर्ण करा आणि मग तक्ता इनोडीबी इंजिनात आणा. इनोडीबीत फॉरेन की, म्हणजे एका तक्त्यातील नोंदीचा दुसऱ्या तक्त्याशी असलेला दुवा, हीदेखील पाळली जाते. मायआयसॅममध्ये ती लिहिली तरी डेटाबेस तिच्याकडे दुर्लक्ष करतो, आणि पुढे पुस्तकांच्या देवघेवीचा तक्ता जोडाल तेव्हा तिची गरज पडेल.

उत्तर ३: निवृत्त ग्रंथालय कर्मचारी, रावपुरा

संगणकाच्या बाजूचे मला फारसे कळत नाही, पण पुस्तकाच्या नावावर युनिक लावलेले वाचून राहवले नाही. ते पुन्हा लावूच नका. एका पुस्तकाच्या दोन-तीन प्रती प्रत्येक वाचनालयात असतात, आणि एकाच नावाची दोन वेगळ्या लेखकांची पुस्तकेही असतात. जुन्या प्रोग्राममध्ये दुसरी प्रत भरताना कोणीतरी नावापुढे टिंब किंवा आकडा घालून वेळ मारून नेली असण्याची बरीच शक्यता आहे. अशी नावे शोधून पाहा. ज्याची पुनरावृत्ती कधीही होत नाही, तो दाखल क्रमांक. पुस्तक वाचनालयात आले की दाखल नोंदवहीत त्याला जो क्रमांक मिळतो, तोच पुस्तकाच्या आतल्या पानावर लिहिलेला असतो, आणि पुस्तक बाद झाले तरी तो दुसऱ्या पुस्तकाला देत नाहीत. युनिक ठेवायचे असेल तर त्यावर ठेवा.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोद्यात ग्रंथालयांची घडी बसवली, ती नुसती पुस्तके जमवून नव्हे, तर नोंदी आणि वर्गीकरण यांना शिस्त लावून. त्याच गावातले वाचनालय एक विद्यार्थिनी इतक्या काळजीने संगणकावर आणत आहे, याचा मला फार आनंद वाटतो. लेखकांची तुटलेली आडनावे दाखल नोंदवहीवरूनच पूर्ण करा. छापील मुखपृष्ठावरची नावे पुष्कळदा संक्षिप्त असतात.

प्रश्नकर्ती

दाखल क्रमांकाचा स्तंभ तक्त्यात होताच, त्यावर आता युनिक लावले आहे, आणि नावांच्या शेवटी टिंबे घातलेल्या नोंदी खरोखरच सापडल्या. सर्व नावे दोन्हीकडे स्वच्छ दिसू लागली. एकच शंका उरली आहे. शोधाच्या चौकटीत "शेतकऱ्या" असे टंकले, तर मी भरलेली पुस्तके मिळतात, पण जुन्या नोंदींतली काही पुस्तके मिळत नाहीत. पडद्यावर दोन्ही शब्द अगदी सारखे दिसतात.

उत्तर २

दिसायला सारखे असले तरी त्यांचे बाइट वेगळे असतील. पुन्हा हेक्स लावून ताडून पाहा. "ऱ्या" दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात "ऱ" हा युनिकोडमधला स्वतंत्र वर्ण, हलन्त आणि य असतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, झिरो विड्थ जॉइनर नावाचे अदृश्य चिन्ह आणि मग य. जुने कीबोर्ड बहुतेक दुसऱ्या प्रकारे लिहीत, आणि "लाइक"ने शोधताना हे दोन प्रकार एकमेकांशी जुळत नाहीत. "ॲ"चेही असेच आहे. हा स्वतंत्र वर्ण युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधी लोक "अ"ला अर्धचंद्र जोडून तो तयार करीत, आणि अजूनही करतात. समतुल्य अक्षररूपे एकसारखी करणारा पीएचपीतला नॉर्मलायझर वर्ग येथे पुरेसा नाही, कारण युनिकोडच्या नियमांनुसार या जोड्या समतुल्य मानलेल्या नाहीत. साध्या र ला नुक्ता (खालचे टिंब) जोडून लिहिलेला "ऱ" तेवढा तो एकत्र करील.

म्हणून एक छोटे फंक्शन स्वतः लिहा. त्यात र, हलन्त, जॉइनर या क्रमाच्या जागी "ऱ" आणि हलन्त ठेवा, आणि "अ"पुढे जॉइनर असो वा नसो, अर्धचंद्र आला की त्याजागी "ॲ" ठेवा. नोंद साठवण्यापूर्वी आणि शोधाचा शब्द क्वेरीत देण्यापूर्वी, अशा दोन्ही ठिकाणी तेच फंक्शन वापरा. जुन्या नोंदींवर ते एकदा चालवून घ्या. शोधाचा शब्द क्वेरीच्या वाक्यात टिंबाने चिकटवत असाल, तर त्याच वेळी ते बदलून प्रिपेअर्ड स्टेटमेंट (ज्यात शोधाचा शब्द क्वेरीपासून वेगळा पाठवला जातो) करा. वाचनालयाची यादी उद्या इंटरनेटवर गेली, तर त्या चौकटीत कोण काय टंकील यावर तुमचे नियंत्रण राहणार नाही.