अलिबागचं घड्याळ पुण्यात मागे का पडतंय?

टोलेवाली
आजोळचं टोल्यांचं घड्याळ अलिबागहून पुण्याला आणलं. ('अलिबागसे आया है क्या' घरात म्हणून झालंय, इथे नको.) तिकडे बरोबर चालायचं, इथे दिवसाला 4 मिनिटं मागे. बारावीतला भाचा म्हणतो, पुणं उंचावर, g (गुरुत्वत्वरण) कमी, म्हणून आवर्तकाल (लंबकाच्या एका पूर्ण हेलकाव्याचा वेळ) वाढला. मोबाइल लावून लंबकाची 100 आवर्तनं मोजली, 100.3 सेकंद लागले. म्हणजे आवर्तकाल 1.003 सेकंद आणि वारंवारता 0.997 हर्ट्झ. पण पट्टीने लांबी 25 सेंमी आली, ती T = 2π√(L/g) मध्ये घातली तर 1.004 येतं. खरं कुठलं धरू?

चावीवाले काका
ताई, मोजलेलं धरा. ते सूत्र दोऱ्याला टांगलेल्या गोळ्याचं. तुमच्या लंबकात दांड्यालाही वजन आहे, त्यामुळे पट्टी नेमकी कुठपर्यंत लावायची हेच ठरत नाही. आणि 1 मिमी चुकलात की दिवसाला जवळजवळ 3 मिनिटांचा फरक!

भाच्याची दिशा बरोबर आहे, पण त्याने आकडे घालून पाहिले नाहीत. पुण्याची उंची सुमारे 560 मीटर, पृथ्वीची त्रिज्या 6371 किमी. केंद्रापासूनचं अंतर जितक्या पट वाढेल तितक्याच पट आवर्तकाल वाढतो. 86,400 सेकंदांच्या दिवसात हे होतात जेमतेम 8 सेकंद. उकाड्याचंही तेच, पितळी दांडा 10 अंशांनी तापला तरी 8 सेकंदच. अक्षांश तर दोन्हीकडे जवळपास सारखाच. (1672 मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला गेला, तिथे त्याचं घड्याळ दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायचं. पण तो विषुववृत्ताजवळ गेला होता, तिथे g कमी असतो.)

तुमचे आहेत 240 सेकंद, म्हणजे 0.28 टक्के. लांबी वर्गमुळात असल्याने ती याच्या दुप्पट वाढलेली असणार, 0.56 टक्के. बरोबर 1 सेकंदाच्या आवर्तकालाला 24.8 सेंमी लांबी लागते, त्यावर ते 1.4 मिमी होतात. प्रवासात लंबकाच्या टोकाची जड चकती तेवढी खाली घसरली असेल. तिच्या खालचा नट फिरवून ती वर घ्या. फिरवताना चकती हाताने धरा, नाहीतर वरची पातळ पोलादी पट्टी पिळवटते. एका वेळी एकच फेरा, मग 24 तास हात लावू नका.

बारावी_ब
मीच तो भाचा. नट गंजलाय. चकतीवर नाणं चिकटवलं तर? पण सूत्रात वस्तुमान नाहीच.

चावीवाले काका
वस्तुमान नाही, पण ते कुठे ठेवलंय याने फरक पडतो. लंडनच्या बिग बेनच्या लंबकावर जुनी पेनी ठेवली की घड्याळ दिवसाला 0.4 सेकंद पुढे जातं, कारण गुरुत्वमध्य किंचित वर सरकतो. तुमच्या चकतीच्या मध्यावर नाणं चिकटवून फारसं काही होणार नाही. नटाला थेंबभर तेल सोडा, रात्रभर मुरू दे.

टोलेवाली
शिवणयंत्राचं तेल चालेल?

चावीवाले काका
चालेल. फक्त नटालाच, वर चक्रांत नको.