वय ६९, फोनमध्ये ३०० च्या वर नोट झाल्यात आणि वेळेला एक सापडत नाही, एआयकडून लावून घेता येतात का?

वेबिलवाले_काका

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, एसटीतून वाहक म्हणून रिटायर होऊन ११ वर्षं झाली. प्रश्न जरा लांबलाय, वाचून घ्या.

नोकरीत माझा हिशोब कधी चुकला नाही. आधी ट्रे आणि पंच होतं, नंतर मशीन आलं, पण टप्प्याटप्प्याला आकडा टाकायचा आणि रात्री डेपोत आल्यावर कॅश नि वेबिल (तिकिटांच्या हिशोबाचा कागद) जुळलंच पाहिजे, नाही जुळलं तर खिशातून भरा. त्यामुळं लिहून ठेवायची सवय हाडात बसलीय. रिटायर झाल्यावर डायऱ्या झाल्या, कालनिर्णयच्या पानांमागं दुधाचा हिशोब झाला, पाकिटांच्या मागं फोन नंबर झाले. मग जानेवारीत मुलगी गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला म्हणून पुण्याहून आली आणि तिनं फोनमध्ये एक एआयवालं नोटचं ॲप टाकून दिलं. म्हणाली बाबा नुसतं बोला, ते लिहून घेतंय.

आणि खरंच घेतंय की ओ! मला तर नादच लागला. नळाला पाणी किती वाजता आलं, सिलेंडर कधी लावला, बीपी किती, एफडी कधी संपतीय, मेव्हण्याच्या पोराच्या लग्नात कुणी काय आहेर केला, सगळं बोलत सुटलो. आता ३०० च्या वर गेलंय. बायको म्हणते ३०० नोटा आहेत तर दाखवा की, साडी घेऊ.

अडचण अशी की १) मागच्या आठवड्यात पाण्याची मोटार बंद पडली, दुरुस्तीवाल्याचा नंबर नक्की बोलून ठेवलेला, अर्धा तास शोधला, नाहीच सापडला. २) त्या ॲपमध्ये सारांशाचं बटण आहे, ते दाबलं तर बायकोच्या औषधांची झकास यादी करून दिली, पण रात्रीची अर्धी गोळी होती ती यादीत एक झाली. तिच्याच लक्षात आलं म्हणून बरं. ॲपचं नाव घेत नाही, कुठलंही असू दे. ३) पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला कधी द्यायचा विचारलं तर ठासून सांगितलं नोव्हेंबरमध्ये, मला शंका आहे.

मुलगी म्हणते पासबुक, आधार, सगळे कागद घाला आत म्हणजे विचारलं की उत्तर मिळतं. कट्ट्यावरचे म्हणतात वेडे का काय तुम्ही. काय करू? वहीवर परत जायचं नाहीये, डोळ्यांमुळं बारीक लिहवत नाही आता.

---

कडक_भाकरी_७६

काका, वहीच बरी. मी गिरणीत होतो, आता पंच्याहत्तरी ओलांडली, एसटी फुकट झाली आणि डोकं अजून चालतंय. आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी येतं, गेल्या ६ वर्षांच्या पाण्याच्या वेळा लाल बाइंडिंगच्या वहीत आहेत, गल्लीतली पोरं मला विचारायला येतात. चार्जिंग लागत नाही, सारांश करत नाही, अर्ध्याची एक करत नाही.

बाकी तुमचा तिसरा मुद्दा, तो तुमच्या मशीनला माहीत नाही आणि माझ्या वहीला माहीताय. तुमची पेन्शन पीएफ ऑफिसमधून येते ना, ईपीएस ९५ वाली? माझी पण तीच. आपल्याला नोव्हेंबरचं बंधन नाही. कुठल्याही महिन्यात दाखला द्यायचा, दिल्या तारखेपासून १२ महिने चालतो. नोव्हेंबर सरकारी पेन्शनवाल्यांचा, त्यातही ८० वरच्यांना ऑक्टोबरपासून घेतात. मागचा दाखला कधी दिलाय ते बघा आधी, नोव्हेंबरची वाट बघत बसाल आणि मधेच पेन्शन थांबंल.

---

साखरपेठ_बाई

कडक भाकरी, तुमची वही तुमच्या घरात सापडते कारण ती एकच आहे हो. माझ्या १४ होत्या.

काका, मी ७२ ची, शाळेत शिक्षिका होते. फोनवर बोलून लिहायला लागून दीड वर्षं झालं आणि तुमच्यासारखाच पसारा केला होता. घोळ कुठं झाला ते सांगते. आमच्या घरात तेलुगू, बाहेर मराठी, पलीकडच्या काकूंशी कानडी, आणि फोनशी बोलताना तोंडात येईल ते. परवा याला आम्ही एल्लुंडि म्हणतो. एकदा बोलले "एल्लुंडि गॅसवाला येणार" आणि नोट झाली "ए उंदीर गॅसवाला येणार". नातवानं ती छापून फ्रिजवर लावलीय. पण खरी गंमत अशी की नोट बरोबर उमटली असती तरी तिचा उपयोग काय होता? दहा दिवसांनी वाचल्यावर परवा म्हणजे कुठला परवा?

तेव्हापासून नोट बोलताना उद्या, परवा, तो, ती, तिकडचा, मघाचा हे शब्द बंद. तारीख बोलायची, माणसाचं नाव किंवा काम बोलायचं. पहिला शब्द नेहमी खात्याचा. माझी खाती पाचच: पाणी-लाईट, औषध, पैसे, घरदुरुस्ती, माणसं. म्हणजे "घरदुरुस्ती, १२ मार्च, मोटार बंद, बेअरिंग बदललं, ९०० रुपये, दुरुस्तीवाल्याचा नंबर अमुक". वर्गात पोरांना फळ्यावर तारीख-वार-विषय लिहायला लावायचे ना, तेच. मी गूगल कीप हे नोटचं ॲप वापरते, त्यात त्याच पाच नावांची लेबलं करून ठेवलीत. सहावं लेबल करायचं नाही हा माझा नियम, कारण सहावं केलं की पंधरावं होतं. भिशीच्या बायकांपैकी एकीनं ४० लेबलं केलीत, त्यात "इतर" नावाची तीन.

आणि रविवारी दुपारी चहाच्या आधी झालेल्या नोटा काढून टाकते. सिलेंडर आला, संपलं, उडवा. आपल्या पिढीला टाकवत नाही काही, प्लास्टिकचे डबे पण नाही आणि नोटा पण नाही.

---

पुण्यात_अडकलेला_सोलापूरकर

काका, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आईचं हेच सगळं लावून दिलंय (आई विजापूर रोडला एकटी असते), म्हणून थोडं लांबण लावतो.

पहिलं म्हणजे एआय एआय म्हणतो त्यात तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्हीवर सारखा भरवसा ठेवायचा नाही. एक, तुम्ही बोललेलं लिहून घेणं. हे मराठीत बरंच चांगलं झालंय, गूगलचं मराठी बोलून टायपिंग २०१७ पासून आहे. आकडे तेवढे वाचून बघायचे. दोन, लिहिलेल्यातून शोधणं. याच्यात ते आपल्यापेक्षा कितीतरी पुढं आहे. तीन, सारांश करणं, म्हणजे तुमचं लिहिलेलं मोडून स्वतःच्या शब्दात परत लिहिणं. तुमची अर्धी गोळी तिथं गेली. त्याला अर्धी आणि एक यातला फरक कळत नाही असं नाही, पण सुबक यादी करायच्या नादात आजूबाजूच्या सगळ्या ओळी "एक गोळी" असल्या की ही पण तशीच होऊन जाते. तेव्हा शोधायला सांगा, सारांश करायला सांगू नका. "माझ्या नोटमध्ये मोटारचा उल्लेख कुठं कुठं आहे, जसंच्या तसं दाखव" असं विचारायचं.

दुसरं, दाखल्याचं. ते उत्तर तुमच्या नोटमधून आलंच नव्हतं. तुम्ही दाखल्याची तारीख कधी बोललाच नसाल, मग त्यानं जगभरातलं वाचलेलं सांगितलं, आणि जगभरात नोव्हेंबरच लिहिलेलं असतं. जेमिनी काय चॅटजीपीटी काय, साध्या गप्पांमध्ये हे होणारच. याला उपाय म्हणून मी आईला नोटबुकएलएम लावून दिलंय, गूगलचंच आहे, २०२३ मध्ये आलं, फुकट चालतं. त्यात आपण जे कागद घालू त्यातूनच ते उत्तर देतं आणि उत्तराच्या शेजारी छोटा आकडा असतो, त्यावर बोट ठेवलं की मूळ कागदातली ओळच उघडते. फुकटमध्ये एका वहीत ५० कागद बसतात, घराला भरपूर झाले. आईची सवय अशी केलीय की आकडा दाबून मूळ ओळ बघितल्याशिवाय उत्तर खरं धरायचं नाही. आता ती मलाच विचारते, तू सांगतोयस त्याला आकडा कुठाय.

तुमच्या ३०० नोटांचं एकेक करत बसू नका. सगळ्या कॉपी करून एका गूगल डॉकमध्ये टाका (मुलीला सांगा, तिचं तासाभराचं काम आहे), तो डॉक नोटबुकएलएमला द्या आणि विचारा, फोन नंबर असलेल्या नोट कुठल्या, पुढची तारीख असलेल्या कुठल्या. तेवढ्या ठेवा. बाकीच्या बाईंच्या रविवारात घाला.

काय घालायचं नाही ते: आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, एटीएम पिन, कुठलाही पासवर्ड. ओटीपी तर तोंडातून पण काढायचा नाही. जेमिनीत गोपनीय माहिती टाकू नका असं गूगल स्वतःच लिहितं, कारण काही संभाषणं तपासणारी माणसं वाचू शकतात. आधार-पॅनसाठी डिजिलॉकर आहे, सरकारी आहे, तिथं ठेवा. एफडीची तारीख आणि बँकेची शाखा एवढंच नोटमध्ये, खातं नंबराचे शेवटचे चार आकडे फार फार तर.

---

अशोकचौक_मेडिकल

औषधांबद्दल मी बोलतो कारण माझ्या काउंटरवर रोज हे येतंय. आधी लोक चिठ्ठी आणायचे, आता फोन पुढं करतात, "यात लिहिलंय सगळं".

मागं एक मावशी आल्या, नोटमध्ये बीपीची गोळी २५ लिहिलेली. मी विचारलं अडीच का पंचवीस? त्या म्हणाल्या अडीचच बोलले मी. नाही, त्या "दोन पॉइंट पाच" बोलल्या होत्या आणि मधला पॉइंट गेला. अम्लोडिपिन अडीचची येते, पाचची येते, दहाची येते, पंचवीसची नाहीच, म्हणून लगेच कळलं. पण प्रत्येक औषधाचं असं नसतं, काही गोळ्यांमध्ये दोन्ही आकडे असतात आणि मग समोरचा देऊन मोकळा होतो. दुसरा प्रकार, डॉक्टर १-०-१ लिहितात म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. हे बोलून लिहिलं की १०१ होतं. एकानं मला विचारलं १०१ गोळ्यांचा कोर्स आहे का.

म्हणून औषध बोलून ठेवायचंच नाही. चिठ्ठीचा फोटो काढायचा आणि गोळीच्या पाकिटाचा छापील नाव दिसेल असा दुसरा. डॉक्टरांचं अक्षर एआयकडून वाचून घेऊ नका, मला २२ वर्षं झाली वाचतोय तरी कधीकधी मी फोन करून विचारतो. एआयला काम सांगायचं असेल तर आठवणीचं सांगा, "रात्री ९ वाजता गोळीची आठवण कर" एवढंच. कुठली आणि किती ते कागदावर, स्वयंपाकघरात, मोठ्या अक्षरात. काकूंच्या अर्ध्या गोळीचं झालं ते हसण्यावारी नेऊ नका.

---

कडक_भाकरी_७६

म्हणजे शेवटी कागदच ना.

---

साखरपेठ_बाई

औषधाला कागद, मोटारवाल्याला फोन. तुम्ही पण पाण्याच्या वहीचे फोटो काढून ठेवा, त्या गल्लीतल्या पोरांना रात्री साडेअकराला दार वाजवावं लागणार नाही.

---

वेबिलवाले_काका

तीन आठवड्यांनी लिहितोय, सगळ्यांचे आभार.

कडक भाकरी साहेब, तुम्हाला नमस्कार. पावती शोधली, मागचा दाखला जुलैमध्ये दिलेला. नोव्हेंबर म्हणत बसलो असतो तर कल्याणच होतं. आता घरूनच फोनवर चेहरा दाखवून दिला, उजेड कमी म्हणून दोनदा नाही म्हणाला, मग गच्चीत गेलो. तिथं घेतला. "पैसे, हयातीचा दाखला दिला" म्हणून तारखेसकट नोट केली आणि पुढच्या वर्षी महिनाभर आधीची आठवण लावली.

मेडिकलवाले दादा, औषधाच्या सगळ्या नोटा काढून टाकल्या. फोटो काढले, पुठ्ठ्यावर स्केचपेननं मोठं लिहून कपाटाला लावलं. "अर्धी" हा शब्द बायकोनं स्वतः लाल पेननं लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

पुण्याच्या दादांनी सांगितलं तसं मुलीनं डॉक करून दिला. पासबुकाचे फोटो आत घालण्यावरून तिच्याशी जरा वाद झाला पण तुमचं लिहिलेलं वाचून दाखवलं, मग गप्प बसली. मोटारवाल्याचा नंबर विचारला तर आकड्यासकट निघाला. मी नोट बोललेलो "तो नई जिंदगीकडचा पोरगा, चांगलं काम करतो" आणि पुढं नंबर (नई जिंदगी हा आमच्या सोलापुरातला भाग). मोटार शब्दच नाही त्यात! बाई, तुमचा तो, ती, तिकडचा वाला नियम तिथं पटला. पोरगा कोण ते मलाच आठवत नव्हतं, फोन लावून विचारलं तू कसली दुरुस्ती करतो रे.

३०० च्या ८४ झाल्यात. रविवार मला जमत नाही, मी रोज रात्री ९ ला करतो, दिवसभराच्या नोटा वाचायच्या, खातं लावायचं, झालेल्या उडवायच्या. दहा मिनिटं लागतात. बायको म्हणते आले डेपोत.

एकच राहिलंय. तिनं पण आता माझ्याच फोनवर बोलायला सुरू केलंय, कुणाचा डबा आपल्याकडं आहे, आपला कुणाकडं आहे. हे माणसं खात्यात घालायचं का घरदुरुस्ती? ती म्हणते डबा हे वेगळं खातं पाहिजे, आणि बाईंचा नियम पाचाचा आहे. सांगा कुणीतरी, आत्ता नळाला पाणी आलंय, मोटार लावून येतो.