जुन्या गाडीचा एअर इनटेक घरीच बदलतोय, मदत हवी आहे

मंडळी, माझी जुनी पेट्रोल गाडी आहे, फ्युएल इंजेक्शनची. एअर फिल्टरचा डबा इंजिनच्या अगदी वर, त्यामुळे बॉनेटखालचीच गरम हवा ओढतो. हवा साधारण ३ अंश थंड मिळाली की तिची घनता सुमारे १ टक्क्याने वाढते, म्हणून ग्रिलमागून हवा आणणारा पाइप बसवायचाय. डबा आणि कागदी फिल्टर मूळचेच ठेवणार. उघडा कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर बॉनेटखाली लावला तर बहुतेक नुसता आवाजच वाढतो, असं माझं स्पष्ट मत.

अडलंय ते पाइपपाशी. प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप ८० अंशांच्या आसपास मऊ पडतो, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनचा तापलेला धूर बाहेर नेणारा भाग) जवळच आहे. अ‍ॅल्युमिनियम घ्यावा की सिलिकॉनचा होज? एमएएफ सेन्सरपाशी (इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर) व्यास बदलणार नाही, नाहीतर हवेचं मोजमापच चुकेल. पण फिल्टरच्या आधीचा पाइप थोडा मोठा चालेल ना?

सगळ्यात जास्त काळजी पाण्याची. साचलेलं पाणी सिलिंडरमध्ये शिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पाइपचं तोंड किती उंच ठेवलंत? पाणी निथळायला डब्याच्या तळाशी भोक पाडलंत का? कोणी स्वतः केलं असेल तर फोटो नक्की टाका, प्लीज.